२ ३/८ म्हणजे २.३८ का नाही?

शेवंती

मुलगी सहावीत आहे, मराठी माध्यम. सध्या व्यवहारी अपूर्णांकांचं दशांश अपूर्णांकात रूपांतर चालू आहे. परवा तिची वही उघडली. पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची दहा उदाहरणं होती, त्यांतली चार बरोबर आणि सहा चूक. चुकलेली अशी:

३ १/४ = ३.१४
५ १/२ = ५.१२
२ ३/८ = २.३८

सहाही चुका एकाच साच्यातल्या, म्हणून तिला विचारलं की हे कसं केलंस. म्हणाली, "पूर्णांक टिंबाच्या अलीकडे, अपूर्णांक टिंबाच्या पलीकडे. छेद दहा नाहीतर शंभर असला तर तो लिहायचा नाही, दुसरा असला तर लिहायचा."

बरोबर आलेली चारही उदाहरणं १० आणि १०० छेदाची होती. ७ ३/१० = ७.३, ४ ३७/१०० = ४.३७ अशी. म्हणजे सुरुवातीच्या सोप्या उदाहरणांवरून तिने स्वतःच नियम बांधला आणि पुढे सगळीकडे लावला. नियम बांधला याचं मला कौतुकच वाटलं, फक्त तो चुकीचा निघाला.

मी पैशांवरून समजावलं. "पावणेतीन रुपये म्हणजे किती?" "दोन रुपये पंचाहत्तर पैसे." मग २ ३/४ = २.७५ लगेच पटलं. ५ १/२ सुद्धा. पण २ ३/८ ला आम्ही दोघी अडलो. रुपयाचे आठ भाग आता कुणी करत नाही. भागाकार करून २.३७५ उत्तर काढून दाखवलं, तिने उतरवून घेतलं, पण चेहऱ्यावरून कळत होतं की पटलेलं नाही. हे तिच्या मनात कसं बसवू?

पाटीपेन्सिल

शेवंतीताई, जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. तुमच्या मुलीची चूक मी दर वर्षी पाहिली आहे आणि ती हुशार मुलं जास्त करतात, कारण ती नियम शोधत असतात.

तिला एकच उदाहरण द्या: ४ ३/१००. तिच्या नियमाने ४.३ येईल. मग विचारा, ४ ३/१० किती? तेही ४.३. तीन शतांश आणि तीन दशांश सारखे कसे असतील? इथे ती थांबेल. टिंब ही नुसती दोन आकड्यांमधली भिंत नव्हे, टिंबाच्या पलीकडच्या पहिल्या घराचं नाव दशांश, दुसऱ्याचं शतांश, तिसऱ्याचं सहस्रांश. तीन शतांश लिहायचे तर दशांशाचं घर रिकामं आहे हे शून्य घालून सांगावं लागतं: ४.०३.

आता ३/८. भागाकार करून दाखवलात हे बरोबर, पण भागाकारात काय घडतं ते बोलून दाखवा. तीन पोळ्या आठ जणांत वाटायच्या. अख्खी पोळी कुणालाच येत नाही, म्हणून एककाच्या घरात ०. प्रत्येक पोळीचे दहा तुकडे करा, झाले ३० दशांश. आठ जणांना तीन-तीन, उरले ६. त्या सहांचे पुन्हा दहा-दहा तुकडे, ६० शतांश. सात-सात दिले, उरले ४. त्यांचे ४० सहस्रांश, पाच-पाच दिले, काही उरलं नाही. तीन दशांश, सात शतांश, पाच सहस्रांश: ०.३७५. शेजारी ठेवलेले दोन पूर्ण परत आणा, २.३७५.

मुलं "शून्य उतरवून घ्या" एवढंच पाठ करतात. ते शून्य कुठून आलं हे एकदा पोळीवर दिसलं की विसरत नाहीत. वर्गात मी खरंच पोळ्या नेत असे, कागदाच्या गोलांवर हे तितकं ठसत नाही.

अनघा_स

आमच्या वेळी आधी अंशाधिक अपूर्णांक करायला सांगायचे. २ ३/८ = १९/८, मग १९ ÷ ८ = २.३७५. ती पद्धत चूक आहे का?

पाटीपेन्सिल

चूक मुळीच नाही. गुणाकार-भागाकाराची उदाहरणं करताना तीच लागते. पण नुसतं दशांशात मांडायचं असेल तर तो लांबचा रस्ता आहे. १७ ५/१६ घ्या. आधी १७ × १६ + ५ = २७७, मग २७७ ÷ १६. हे सगळं करून पहिले दोन आकडे येणार १७, जे आपल्या हातात आधीच होते. त्यापेक्षा १७ बाजूला ठेवा, ५ ÷ १६ = ०.३१२५ करा, उत्तर १७.३१२५. लहान आकड्यांत चूकही कमी होते. कॅल्क्युलेटरवरसुद्धा ५ ÷ १६ आणि मग + १७.

शिवारातला

धागा मुलांच्या गणिताचा आहे, पण ही चूक मोठी माणसं करतात आणि ती किती महागात पडते ते सांगतो.

आमच्याकडे जमीन एकर-गुंठ्यांत बोलतात. ४० गुंठ्यांचा एकर. २ एकर २० गुंठे असेल तर सगळे सर्रास "२.२०" लिहितात. काही वर्षांपूर्वी घरातली २ एकर २० गुंठे जमीन विकायची ठरली, दर एकरी १८ लाख. बैठकीत मध्यस्थाने कागदावर २.२० लिहिलं, मोबाइलवर २.२० गुणिले १८ केलं आणि ३९ लाख ६० हजार सांगितले. वडील मान डोलावून बसले. आकडा यंत्राने दिला, त्यावर कोण शंका घेणार? मी त्या वेळी बाहेरगावी होतो, रात्री फोनवर ऐकलं तेव्हा कागद करून पाहिला. २० गुंठे म्हणजे २०/४०, म्हणजे अर्धा एकर. जमीन अडीच एकर, २.५. रक्कम ४५ लाख. फरक ५ लाख ४० हजारांचा. २.५ मधून २.२ गेले तर ०.३ एकर उरतो, म्हणजे १२ गुंठे, म्हणजे त्या कागदावर १२ गुंठे जमीन फुकट जात होती.

इसार झाला नव्हता म्हणून वाचलो. मध्यस्थाने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण त्या टिंबाने आमची दोन महिने झोप उडवली.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतं, त्याची गोष्ट निराळी. तिथे १०० आरचा हेक्टर आणि १०० चौरस मीटरचा आर, म्हणून ते मुळातच दशांशात बसतं. आमची अडीच एकर जमीन १.०११७ हेक्टर भरते, उताऱ्यावर १.०१.१७ अशी दिसते. दुसरं टिंब काढलं की सरळ दशांश. फक्त शून्य गाळायचं नाही. १ हेक्टर ५ आर म्हणजे १.०५, त्याला १.५ म्हटलं तर ४५ आर जमीन हवेतून तयार होते.

शेवंती

बापरे. ही तर अगदी माझ्या मुलीचीच चूक. टिंबाच्या पलीकडे छेद न पाहता अंश लिहायचा.

मिड_ऑन

क्रिकेटमध्ये रोज हेच दिसतं. ४.३ षटकं म्हणजे ४ षटकं आणि ३ चेंडू, ४ ३/६, म्हणजे साडेचार. ३६ धावा झाल्या असतील तर धावगती ३६ ÷ ४.५ = ८. कॅल्क्युलेटरवर ३६ ÷ ४.३ केलंत तर ८.३७ येते, जी चूक आहे. माझ्या भाच्याला अपूर्णांक या उदाहरणावरूनच कळले. ४.३ नंतर ४.४, ४.५ आणि मग एकदम ५, ४.६ येतच नाही, हे त्याला आधीपासून माहीत होतं. "का येत नाही?" एवढंच विचारलं आणि छेद ६ आहे हे त्याचं त्यानेच सांगितलं.

ऑस्ट्रेलियात १९७८-७९ च्या मोसमापर्यंत आठ चेंडूंचं षटक होतं. त्या धावफलकावरचं २.३ म्हणजे २ ३/८. ताईंच्या मुलीचं उदाहरण!

टर्नर

मी लेथवर आयुष्य काढलं. ३/८ अडतो असं वाचलं आणि लिहायला बसलो, कारण आमच्या कामात तो सगळ्यात ओळखीचा आहे.

गवंडी, सुतार, फिटर सगळे सूत म्हणतात ना, ते इंचाचा आठवा भाग. आठ सूत म्हणजे इंच. तीन सूत म्हणजे ३/८ इंच. ड्रॉइंगवर २ ३/८ लिहिलेलं असायचं आणि हातातला इंची मायक्रोमीटर दाखवणार २.३७५. इंचाच्या हजाराव्या भागाला आम्ही थाऊ म्हणतो, म्हणजे तीन सूत = ३७५ थाऊ. नवीन पोरगा आला की पहिल्या आठवड्यात त्याला ही शिडी पाठ करायला लावायचो:

१/२ = ०.५
१/४ = ०.२५
१/८ = ०.१२५
१/१६ = ०.०६२५
१/३२ = ०.०३१२५
१/६४ = ०.०१५६२५

प्रत्येक पायरीला निम्मं, आणि प्रत्येक पायरीला टिंबापुढे एक घर वाढतं. ३/८ हवा असेल तर ०.१२५ तीनदा. ५/८ हवा असेल तर अर्ध्यात एक सूत मिळवा, ०.५ + ०.१२५ = ०.६२५. ७/८ ला एकातून एक सूत काढा, ०.८७५. भागाकाराची गरजच पडत नाही.

शेवंतीताई, मुलीला मेजपट्टीची इंचांची बाजू दाखवा. इंचाच्या मधली रेघ सगळ्यात लांब, पावाची त्याहून आखूड, सुताची त्याहून आखूड. नंतर तीच खूण पलटून सेंटिमीटरच्या बाजूला बघायला सांगा. एका बाजूला निम्म्या-निम्म्याने मोडलेली लांबी, दुसऱ्या बाजूला दहा-दहाने. २ ३/८ इंच ६ सेंटिमीटरच्या किंचित पुढे पडतो. हे बोटाने दाखवता येतं.

अप्पा_वाईकर

मी आता सत्त्याहत्तर वर्षांचा आहे. रुपयाचे आठ भाग कुणी करत नाही असं शेवंतीने लिहिलं, पण आम्ही केले आहेत. सोळा आण्यांचा रुपया, त्यामुळे सहा आणे म्हणजे ३/८ रुपया. दोन रुपये सहा आणे ही किंमत रोजच्या बोलण्यातली होती.

१ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, शंभर नव्या पैशांचा रुपया. मी तेव्हा लहान होतो, दुकानात निरोप घेऊन जायचो. एका आण्याचे बरोबर हिशोबाने सव्वासहा नवे पैसे होतात, पण सव्वासहाचं नाणं कुठून आणणार? म्हणून तक्ता ठरलेला होता: एक आणा ६, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. सहा आण्यांचे व्हायला हवेत साडेसदतीस, मिळत ३७. तीन वस्तू एकेक आण्याच्या वेगवेगळ्या घेतल्या तर १८ नवे पैसे, आणि एकदम तीन आण्यांचं काही घेतलं तर १९. आई मला मुद्दाम तीन खेपा घालायला लावायची. व्यवहारी अपूर्णांकाचा दशांश करताना घर संपलं की काहीतरी सोडावं लागतं, हे मला वयाच्या नवव्या वर्षी दुकानाच्या पायरीवर कळलं.

त्याआधी आम्हाला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे पाढे होते. औट म्हणजे साडेतीन. अडीचकी अडीच, पाच, साडेसात, दहा अशी म्हणत जायची. हे पाढे गेले याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुलांना "सव्वा" शब्द ठाऊक आहे, पण सव्वा म्हणजे १.२५ आणि सव्वाशे म्हणजे १२५, हे एकाच ओळीतले आहेत असं कुणी दाखवत नाही. पाऊण ०.७५, पाऊणशे ७५. दीड १.५, दीडशे १५०. दशांश चिन्ह दोन घरं सरकलं की झालं. इतकी सोय आपल्या बोलीत आधीच आहे.

अपरांत

अप्पा, तुम्ही म्हणता ती सोय फार जुनी आहे. पाव हा संस्कृत पाद, म्हणजे चौथा हिस्सा. सव्वा हा सपाद, पाव जोडलेला. पाऊण आणि पावणे हे पादोन, पाव उणा. अडीच हा अर्धतृतीय, म्हणजे तिसरा अर्धाच.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) पूर्णांकाला अपूर्णांक जोडण्याला भागानुबंध आणि वजा करण्याला भागापवाह अशी दोन वेगळी नावं आहेत, आणि तिथलं उदाहरण आहे सव्वादोन आणि पावणेतीन. पाठ्यपुस्तकातला २ ३/४ हा दोन अधिक पाऊण असतो. आपण बोलताना मात्र तीन उणे पाव म्हणतो. मुलाला दोन्ही दिशांनी विचारलं पाहिजे: २ + ०.७५ आणि ३ − ०.२५. दोन्हींचं उत्तर २.७५ आलं की खात्री पटते.

पाटीपेन्सिल

अष्टमांशांच्या पलीकडे जो प्रश्न येतो तोही सांगून ठेवतो, कारण पुढच्या आठवड्यात मुलगी विचारणार. ३ १/३ करायला घेतलं की १० भागिले ३, उरला १, पुन्हा १० भागिले ३, उरला १, हे कधी संपतच नाही. ३.३३३…

कुठला भागाकार संपतो आणि कुठला नाही हे आधीच ओळखता येतं. अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूप द्या, मग छेदाचे मूळ अवयव पाडा. फक्त २ आणि ५ निघाले तर भागाकार संपतो, दुसरा एकही निघाला तर संपत नाही. कारण १० = २ × ५, १०० आणि १००० मध्येही तेच दोन अवयव आहेत, तिसरा कुठून येणार? ८ = २ × २ × २, म्हणून १२५ ने गुणून १००० करता येतो. ३ ला कशानेही गुणा, १०, १००, १००० यांतलं काहीच मिळत नाही. अतिसंक्षिप्त रूपाची अट मात्र विसरू नका. ३/१२ मध्ये छेदात ३ दिसतो, पण तो १/४ आहे आणि ०.२५ वर संपतो. नववीत याच दोन प्रकारांना खंडित आणि अखंड आवर्ती म्हणतात.

कोडवाली

हाच नियम माझ्या रोजच्या कामात आडवा येतो. संगणक दोनाच्या पायावर मोजतो. १० मध्ये २ आहे पण ५ सुद्धा आहे, म्हणून आपल्याला सरळ वाटणारा १/१० संगणकाला आपल्या १/३ सारखा न संपणारा असतो. तो कुठेतरी तोडून ठेवावा लागतो. प्रोग्रामिंगच्या बऱ्याच भाषांत ०.१ + ०.२ छापायला सांगितलं तर ०.३०००००००००००००००४ येतं. ३/८ मात्र संगणकाला अचूक ठेवता येतो, कारण छेद निव्वळ दोनांचा आहे. नवीन मुलांना हे सांगते तेव्हा त्यांना सहावीतले मूळ अवयव आठवतात. पैशांचे हिशोब म्हणूनच पैशांत, पूर्णांकात ठेवायचे.

परदेशी_पक्षी

न्यू जर्सीहून. इथल्या वाण्याच्या डिजिटल काट्यावर २.३८ पौंड आलं की भारतातून नुकती आलेली माणसं ते दोन पौंड अडतीस औंस असं वाचतात, मीही वाचलं होतं. पौंडाचे औंस सोळा. २ पौंड ६ औंस म्हणजे २ ६/१६, काट्याला दोनच घरं दाखवता येतात म्हणून २.३८. म्हणजे शेवंती, तुमच्या मुलीचं उत्तर दोन घरांपर्यंत आसन्न किंमत म्हणून योगायोगाने बरोबर आलं होतं! तिला हे मात्र नंतर सांगा.

न्यूयॉर्कचा शेअर बाजारही २००१ पर्यंत अपूर्णांकांत चालायचा. आधी आठांश, १९९७ पासून सोळांश. एखाद्या शेअरचा भाव ४५ ३/८ डॉलर, म्हणजे ४५.३७५. एप्रिल २००१ पर्यंत सगळे भाव सेंटांत आले.

अनघा_स

२.३८ चं लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे तपासायला २ ३/८ हे उदाहरण वाईट आहे, कारण चुकीची पद्धतही जवळचं उत्तर देते.

पाटीपेन्सिल

अगदी बरोबर, आणि मी इतक्या वर्षांत हे पाहिलं नाही. ३ १/४ चांगलं. ३.१४ आणि ३.२५ मध्ये कुठेच गल्लत होत नाही. उलट ३.१४ हा आकडा पुढे वर्तुळात येतो तो ३ १/७ च्या जवळचा. सातवीत गोंधळ नको असेल तर ३ १/४ आणि ३ १/७ दोन्ही आत्ताच शेजारी शेजारी करून घ्या.

आणखी एक, वाचनाचं. २.३७५ ला "दोन पूर्णांक तीनशे पंचाहत्तर" वाचू देऊ नका. "दोन पूर्णांक तीन सात पाच" म्हणायचं. तीनशे पंचाहत्तर म्हटलं की मुलं २.३७५ ला २.५ पेक्षा मोठा ठरवतात, कारण ३७५ पाचापेक्षा मोठे. माझ्या वर्गात निम्मी मुलं या एका सवयीमुळे चढता क्रम चुकवत.

शेवंती

सगळ्यांना एकत्रच लिहिते. रविवार याच्यातच गेला.

पोळीने काम झालं. ३० दशांश, ६० शतांश, ४० सहस्रांश हे तिने तुकडे करत स्वतः म्हटलं, पोळीचे सहस्रांश अर्थातच मनातल्या मनात. मग ४ ३/१०० ला बरोबर थांबली. मेजपट्टी पलटून पाहिली. आणि टर्नरकाकांची शिडी तिने स्वतःच पुढे नेली, १/१२८ = ०.००७८१२५ पर्यंत.

संध्याकाळी ३ १/७ करायला बसली. तीन घरांनंतर थांबेल असं मला वाटलं, पण तिने पान भरलं. ३.१४२८५७१४२८५७… मग ओरडली, "आई, परत तेच आले!" का, म्हणून विचारलं तर भागाकारातल्या बाकीकडे बोट दाखवलं: ३, २, ६, ४, ५, १. सातने भागताना बाकी एक ते सहाच उरू शकते, सहाही होऊन गेल्या, आता जुनीच बाकी येणार. हे तिचं तिने सांगितलं. नंतर २/७ केला, तर ०.२८५७१४. तेच सहा आकडे, फक्त सुरुवात दुसरीकडून. झोपायची वेळ टळून गेली तरी मी उठवलं नाही.

पाटीपेन्सिल

फार आनंद झाला. तिला ही पाच द्या, कॅल्क्युलेटर नको:

४ ५/८
१ ७/२०
६ ३/१००
३ २/३
५ एकर १५ गुंठे, एकरांत

शेवंती

झाली. ४.६२५, १.३५, ६.०३, ३.६६६… पुढे तसंच.

पाचव्याला तिने आधी मला विचारलं, "एकराला गुंठे किती?" चाळीस म्हटल्यावर ५ १५/४० लिहिलं, पाचाने भाग दिला आणि भागाकार न करताच ५.३७५ लिहून वही माझ्याकडे सरकवली. "हा तर तोच आहे, आई. तीन अष्टमांश."